तात्यांचा उजवा गाल

तात्या शिळीमकरांना फक्त डावीकडून पाहिलेला माणूस आणि फक्त उजवीकडून पाहिलेला माणूस कधी एकत्र आले, तर आपण दोन वेगळ्या ड्रायव्हरांबद्दल बोलतोय अशी दोघांचीही खात्री पटेल आणि बहुतेक भांडणही होईल. हे मी पदरचा मीठमसाला लावून सांगत नाही. असं एकदा माझ्यासमोर झालेलं आहे, आणि त्या भांडणात पिशवीभर रायवळ आंबे माघारी जाता जाता वाचले. ते पुढे येईलच.

मी भोर–वेल्हे गाडीवर कंडक्टर होतो आणि तात्या ड्रायव्हर. एसटीत ड्रायव्हर लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, त्यामुळे भोंगवलीच्या शाळेत मला कुणी हुशार म्हटलं नसलं तरी पुढचं अर्धं आयुष्य मी मास्तर म्हणूनच काढलं. गाडीत कंडक्टर जिथे उभा असतो तिथून ड्रायव्हरचा डावा गाल दिसतो. तात्यांचा डावा गाल गव्हाळ, तुकतुकीत, एखाद्या बँकेतल्या कॅशियरला शोभावा असा होता. उजवा गाल मात्र तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा. जाड, रापलेला, त्यावर तपकिरी डाग आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत सुरकुत्यांचं जाळं. उजव्या हाताचीही तीच गत. कोपर कायम खिडकीत, त्यामुळे कोपरापासून मनगटापर्यंत तो हात वेगळ्याच माणसाचा वाटायचा.

ह्याला कारण आमचा रस्ता. सकाळी भोरहून निघालं की नसरापूरपर्यंत गाडीचं तोंड उत्तरेला, म्हणजे उगवतीचं ऊन थेट ड्रायव्हरच्या उजव्या गालावर. नसरापूरहून वेल्ह्याकडे वळलं की ऊन पाठीमागे जायचं, तेवढीच काय ती सुटी. दुपारी वेल्ह्याहून माघारी फिरलं की गाडी पूर्वेला धावणार आणि सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणजे पुन्हा उजवा गाल. नसरापूरला वळून भोरचा रस्ता धरावा, तर तोवर सूर्य मावळतीकडे सरकून परत उजव्या हाताला हजर. बाकीचे ड्रायव्हर खिडकीला टॉवेल बांधायचे. तात्यांना ते चालायचं नाही, आरसा झाकतो म्हणून. ते म्हणायचे, "मास्तर, सूर्य बी आपल्याच फेरीवर ड्यूटीला हाय. पर त्यो कदी रजा टाकत न्हाई."

तर तात्यांची पहिली खासियत ही, की ते दोन रंगांत उपलब्ध होते. दुसरी खासियत म्हणजे चालू गाडीत ते मुके असायचे.

'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये' ही पाटी प्रत्येक गाडीत असते आणि ती वाचून झाली की लोक ड्रायव्हरशी बोलायला लागतात. तात्यांनी मात्र ती पाटी देवाची आज्ञा असल्यासारखी धरली होती. आणि चालू गाडी म्हणजे चालू इंजिन, मग ती जागेवर उभी का असेना. इंजिन चालू झालं की तात्यांची वाचा बंद, इंजिन बंद झालं की वाचा चालू. त्यांचं स्टार्टरचं बटण घशातच बसवलंय असं डेपोत म्हणायचे. कुणी बोलायला आलंच तर ते मानही हलवायचे नाहीत. नंतर गाडी थांबली की शोधून काढून त्या माणसाला सांगायचे, "हां, आता बोला. काय म्हनत हुता?"

एकदा त्यांचे सासरे आमच्या गाडीत चढले. सासरे म्हणजे मोठं प्रस्थ, फेटा बांधलेलं. पुढच्या सीटवर बसून त्यांनी नसरापूरपासून "जावईबापू, वळखलं का?" चा लकडा लावला. जावईबापू समोर बघतायत. सासऱ्यांनी पाहुण्यांची विचारपूस केली, भाताची केली, म्हशीची केली, आणि मार्गासनीपर्यंत त्यांचा आवाज असा चढला की मला वाटलं लेक परत घेऊन जाणार. वेल्ह्यात गाडी लागली. तात्यांनी इंजिन बंद केलं, केबिनीतून उतरले, वळसा घालून दाराशी आले आणि सासऱ्यांचे पाय धरून म्हणाले, "वळखलं की. म्हस गाबन हाय." म्हणजे ऐकलेलं सगळं होतं, उत्तरं फक्त थकीत होती. सासरे हसावं की रागवावं ह्या विचारात चहा प्याले.

तिसरी गोष्ट घंटीची. निघण्याआधी तात्या स्टिअरिंगला हात लावून गाडीला हळूच विचारायचे, "निगायचं का?" आणि मग माझ्या डबल बेलची वाट बघायचे. एकदा मागून एका घाईच्या गिऱ्हाइकाने परस्पर "निघा की" म्हणून उत्तर दिलं. तात्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला, मागे वळून मला विचारलं, "मास्तर, डबल बेल तुमी देनार का हे?" आणि मी दोरी ओढेपर्यंत गाडी सुरूच केली नाही. कंडक्टरच्या घंटीला एवढा मान देणारा ड्रायव्हर मी दुसरा पाहिला नाही. माझ्या घरीसुद्धा मला एवढा मान नव्हता.

आता आंब्यांची गोष्ट. आमच्याकडे ड्रायव्हरची खिडकी म्हणजे अर्धं पोस्ट ऑफिस. भोरहून कुणाची औषधं, वेल्ह्याहून कुणाचा डबा, कुणाचा दुरुस्तीला दिलेला चष्मा, सगळं त्या खिडकीतून ये-जा करायचं. मार्गासनीच्या अलीकडे रस्त्याच्या उजव्या अंगाला पारूबाई म्हणून म्हातारीचं शेत होतं. तिच्या दम्याच्या गोळ्या तात्या भोरहून आणायचे आणि गाडी हळू करून खिडकीतून तिच्या ओच्यात टाकायचे. अर्थात न बोलता. एका उन्हाळ्यात पारूबाई आंब्यांची पिशवी घेऊन वेल्ह्याच्या स्टँडवर आली. डाव्या बाजूच्या दारातून वर चढली, ड्रायव्हरकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्यो न्हवं. मला त्यो काळा डायवर पायजे."

मी सांगितलं, मावशी, हाच तो.

"मला येडी समजता व्हय? त्यो रापल्याला हाय. ह्यो हापिसातला दिसतोय."

तात्यांनी एक शब्द उच्चारला असता तर प्रश्न मिटला असता. पण इंजिन चालू होतं. मी शपथा घेतोय, गाडीतले लोक दोन तट पडून साक्षी देतायत, पारूबाई पिशवी छातीशी धरून उतरायला निघाली, तेव्हा कुठे तात्यांनी इंजिन बंद केलं आणि हळूच मान वळवून उजवा गाल तिच्यापुढे धरला. म्हातारीने बराच वेळ निरखून पाहिलं. मग पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "मग आसं आर्धंच का बसलाय?"

तात्यांना ह्या सगळ्याचं काहीच वाटत नसे. उलट डेपोत ते स्वतःच सांगायचे की आपण एका पगारात दोन माणसं कामाला आहोत. ज्या गालाने पुढे एवढं रामायण घडवलं, त्याच्याबद्दल त्यांना लाज वाटायला लागली ती एका चार वर्षांच्या मुलीमुळे.

ती त्यांची नात, मनू. तात्यांचा मुलगा संतोष पुण्यात कंपनीत होता. निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात तो, त्याची बायको आणि मनू आमच्या गाडीने वेल्ह्याला तात्यांच्या घरी आले. मनू पुढच्या सीटवर. तिने "आजोबा" म्हणून हाक मारली. आजोबा समोर बघतायत. तिने पुन्हा मारली, मग जरा मोठ्याने, मग लाडात, आणि आंबवण्याच्या पुढे तिचा खालचा ओठ बाहेर यायला लागला. मी तिला कोरं तिकीट दिलं, पंच दाखवला, पण पोरगी काही बोलेना. वेल्ह्यात गाडी थांबल्याबरोबर तात्या धावत आले, तिला उचललं आणि पाटीसमोर नेऊन एकेक अक्षरावर बोट ठेवत ती वाचून दाखवली. मग म्हणाले, "डायवरशी गाडीत बोलायचं न्हाई. गाडी थांबली की मग बोलायचं. मग डायवर समदं आयकतो."

मनूने मान डोलावली. गाडी माघारी निघताना संतोषने तिला बाहेरून ड्रायव्हरच्या खिडकीपर्यंत उंच धरलं. तात्यांनी हात हलवला. तिने हलवला नाही. एखाद्या तपासनिसासारखी ती त्या काळ्या गालाकडे आणि काळ्या हाताकडे बघत राहिली. आम्ही सगळे हसलो आणि मी डबल बेल दिली.

त्यानंतर महिनाभराने नसरापूरच्या टपरीवर चहा पिताना तात्यांनी पेला खाली ठेवला. सुट्टीत मनू त्यांच्याकडे राहिली होती. ती डाव्या बाजूने येऊन मांडीवर बसायची, मिशा ओढायची, गोष्टी सांगायची. पण त्यांनी उजवा गाल पुढे केला की गप्प व्हायची आणि वळसा घालून पुन्हा डावीकडे जायची. एवढंच नव्हे, दुपारी ते कुशीवर लवंडले की नॅपकिन आणून त्यांच्या उजव्या गालावर पांघरूण घालायची. त्यांनी हे डोळा किलकिला करून पाहिलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले, "पोर भ्यातीय माज्या उजव्या बाजूला."

मी काहीतरी थट्टा केली. ते हसले नाहीत. म्हणाले, माणसाने एवढी वर्षं गाडी मारली ती कशासाठी, रिटायर झाल्यावर नातीने गळ्यात पडावं म्हणूनच ना. तर ती अर्ध्याच गळ्यात पडतेय. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. ह्या माणसाला साहेबांनी झापलेलं मी पाहिलं होतं, दरड कोसळून गाडी रात्रभर घाटात अडकलेली पाहिली होती, पण त्यांचा चेहरा असा दोन्ही बाजूंनी एकदम उतरलेला कधी पाहिला नव्हता.

निवृत्तीचा समारंभ झाला. शाल, नारळ आणि साहेबांचं भाषण. तात्यांचा काकूंसोबत, म्हणजे त्यांच्या बायकोसोबत, फोटो काढायला भोरमधला फोटोग्राफर बोलावला होता. त्याने दिवा उजव्या गालाच्या हिशेबाने लावला तर डावा गाल पांढराफटक होऊन नाहीसा झाला, डाव्याच्या हिशेबाने लावला तर उजव्या जागी अंधार. शेवटी त्याने कंटाळून दोघांना पाठमोरं उभं राहता का असं विचारलं. ह्या फोटोचं निमित्त तात्यांना बरं सापडलं. "फोटू नीट येत न्हाई म्हनून दवाखान्यात चाललोय," असं त्यांनी गावभर सांगितलं. खरं कारण मला आणि नसरापूरच्या टपरीलाच ठाऊक होतं.

दवाखाना म्हणजे भोरमध्ये नव्याने निघालेला त्वचेचा दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या आणि त्यांच्याकडे लेझरचं मशीन होतं. माझी साप्ताहिक सुटी होती म्हणून मला बरोबर नेलं. बाहेरच्या खोलीत लग्न ठरलेल्या मुली आणि त्यांच्या आया बसल्या होत्या. त्यांतल्या एका आईने तात्यांना मोठ्या आस्थेने विचारलं, तुमचं कार्य कधी आहे. "झालं," तात्या म्हणाले, "आता घरीच असतो." त्या आईने सहानुभूतीने मान हलवली.

आत बाईंनी आधी प्रत्येक डाग भिंगातून तपासला. काही वाईट नाही ना ते बघते, म्हणाल्या. मग समजावून सांगितलं की हे वर्षानुवर्षांच्या उन्हाने झालंय, ड्रायव्हर लोकांना एकाच बाजूला होतं, लेझरने डाग फिके होतील, कातडी थोडी नितळ होईल, पण चार-सहा वेळा यावं लागेल आणि अगदी कोरं करकरीत काही होणार नाही.

"कोरं नको," तात्या म्हणाले. "डाव्यासारखा उजवा करून द्या. नमुना शेजारीच हाय."

बाई हसल्या. त्यांनी आधी कानामागे एक ठिपका करून बघू, तुमच्या त्वचेला सोसतं का कळेल, असं सांगितलं. ह्यावर तात्यांचा त्यांच्यावर एकदम विश्वास बसला. वर्कशॉपमधून आलेल्या गाडीची ट्रायल घेतल्याशिवाय ती फेरीवर न्यायची नसते हे ह्या बाईला कळतं, असं ते मला कौतुकाने म्हणाले. मग मशीनचं सर्व्हिसिंग कधी झालंय, एका दिवसात किती गाल होतात, हेही त्यांनी विचारून घेतलं. हाताचंही करायचं का, असं बाईंनी विचारलं. तात्या म्हणाले, हात राहू द्या, हाताला कुणी भीत नाही.

ठिपका सोसला. पुढच्या खेपेला डोळ्यांवर झाकणं लावून त्यांना आडवं केलं, गाल बधिर करायचं मलम लावलं आणि मशीन टिकटिक करायला लागलं. रबराचा बारीक फटका बसल्यासारखं वाटेल, दुखलं तर सांगा, असं बाई म्हणाल्या. तात्या गप्प. बाईंनी पुन्हा विचारलं, काका, ठीक आहे ना? तात्या गप्प. बाई घाबरल्या, मशीन बंद केलं. त्याबरोबर तात्या म्हणाले, "ठीक हाय. पर मशिन चालू आस्ताना मी बोलत न्हाई."

खरी गंमत त्यानंतर. गाल आधी लाल झाला, मग त्यावर चहाच्या पुडीसारख्या बारीक खपल्या धरल्या. खपली काढायची नाही, ऊन लागू द्यायचं नाही, बाहेर पडताना क्रीम लावायचं, टोपी, छत्री, पूर्ण बाह्यांचा शर्ट. तात्यांनी डॉक्टरांचा शब्दही पाटीसारखाच पाळला. क्रीम त्यांनी बेअरिंगला ग्रीस भरावं तसं भरलं. घरात मोठी छत्री एकच, काकूंची, जांभळ्या फुलांची. पांढऱ्या तोंडाचा, मिशावाला, पूर्ण बाह्यांची बटणं लावलेला माणूस फुलाफुलांची छत्री घेऊन ढगाळ दिवशीही वेल्ह्याच्या बाजारातून चाललाय, हे दृश्य लोक कामं टाकून बघायचे. तोरण्याला निघालेल्या मुलांनी त्यांच्यासोबत फोटो काढले. तात्यांनी दुसरं लग्न धरलंय अशी आवई उठली. ती काकूंच्या कानावर गेली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "करू द्यात. पर हे ध्यान पदरात घ्यायला बाई तरी कोन येनार?" एकदा मात्र त्यांनी नवऱ्याला ऐकवलंही, की सकाळी गाडी जाताना मी अंगणातून ज्या गालाकडे बघत आले तो तुम्ही खरवडून टाकला, मला विचारलं तरी होतं का. तात्या त्या वेळी गप्प बसले. आणि इंजिन तर कुठलंच चालू नव्हतं.

दिवाळीपर्यंत काम झालं. अगदी डाव्यासारखा नाही, पण उजवा गाल आता डाव्याचा थोरला भाऊ शोभावा इतपत आला होता. डॉक्टरीणबाई खूश, तात्या खूश. मनू येणार होती त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं, "मास्तर, उद्या दोनी बाजूची टेस्टिंग हाय."

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी घेऊन मी वेल्ह्यात पोचलो. तात्यांच्या जागी आता एक नवा पोरगेला ड्रायव्हर होता, गणेश म्हणून. स्टँडवर तात्या उभे, हातात ती फुलांची छत्री. शेजारी मनू, तिच्या हातात ताटलीत दोन करंज्या आणि एक चकली. मला वाटलं फराळ माझ्यासाठीच आहे, म्हणून मी हात पुढे केला. मनूने ताटली मागे घेतली. ती तरातरा गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला गेली, मान वर करून गणेशकडे बघितलं आणि परत आली.

"हे नाहीत," ती म्हणाली.

तात्यांचा चेहरा रडवेला झाला होता. त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की आल्यापासून हेच चाललंय. आल्या आल्या त्यांनी उजवा गाल पुढे केला, तर पोरीने तो बघितला, मागे जाऊन बघितलं, दाराआड बघितलं आणि विचारलं, ड्रायव्हर आजोबा कुठे आहेत? सगळ्यांनी सांगून झालं. तिला पटेना. ड्यूटीवर गेले असतील म्हणून सकाळपासून प्रत्येक गाडीला ताटली घेऊन येतेय, आणि तात्याच तिला हात धरून तात्यांना शोधायला घेऊन येतायत.

मी उकिडवा बसलो आणि मनूला विचारलं, तुझे आजोबा तर हे आहेत ना.

"हे घरचे आजोबा," ती शांतपणे म्हणाली. "ड्रायव्हर आजोबा ह्या बाजूला असतात." आणि तिने तात्यांच्या उजव्या अंगाला बोट दाखवलं.

मग त्यांना तू भ्यायचीस ना, मी विचारलं. त्यांच्याशी बोलायची नाहीस, त्यांच्यावर नॅपकिन टाकायचीस.

माझ्यासारखा मठ्ठ माणूस तिने पाहिला नसावा. ती म्हणाली, "ड्रायव्हरशी बोलायचं नसतं. गाडी थांबल्यावर बोलायचं. आणि दुपारी त्यांना झोपू द्यायचं, त्यांना ड्यूटी असते ना." मग थोडं थांबून तिने सांगितलं, "बाबा म्हणाले, आता आजोबांची गाडी थांबली. म्हणून मी बोलायला आले. तर ते नाहीतच."

तात्या स्टँडच्या कट्ट्यावर बसले. छत्री मिटून बाजूला ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते दोन्ही गालांवरून, मी पाहिलं, अगदी सारखं येत होतं. पोरगी पाटी पाळत होती. एवढ्या वर्षांत त्यांची पाटी दुसऱ्या कुणी पाळली असेल तर ह्या चार वर्षांच्या मुलीने, आणि तिची बोलायची वेळ आली तेव्हा ऐकणारा माणूस ह्यांनी स्वतःच्या हाताने पुसून टाकला होता. "मास्तर, येवढी वर्सं एसटीत काढून शेवटी म्या काय केलं हे," ते म्हणाले.

डोळे पुसायला त्यांनी उजवा हात वर केला. पूर्ण बाहीचा कफ मनगटावरून थोडा मागे सरकला. तात्या त्या मनगटाकडे बघत राहिले. मग त्यांनी कफचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वरपर्यंत दुमडली. आत तो हात होता तसाच, रापलेला, डागांचा, भोर–वेल्हे रस्त्याचा.

ते उठले आणि गणेशला म्हणाले, जरा खाली उतर. गणेश माझ्याकडे बघायला लागला. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, आणि कुठला नियम मोडत असेल तर तो मला आठवला नाही. तात्या केबिनीत चढले, स्टिअरिंगला हात लावला आणि उजवं कोपर खिडकीत ठेवलं.

मी मनूला म्हणालो, जा, परत एकदा बघून ये. मी मागोमाग गेलो. ती वळसा घालून खिडकीखाली उभी राहिली. वर तो काळा हात. तिने हातातली ताटली माझ्याकडे दिली आणि हात वर करून ते कोपर एका बोटाने चाचपून पाहिलं.

"ड्रायव्हर आजोबा?"

तात्या समोर बघतायत. त्या सीटवर बसून उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती. मला त्यांना हलवावंसं वाटलं. पण मनूला त्यात काहीच चुकीचं वाटलं नाही. ती थोडी थांबली आणि तिने नीट विचारलं, "गाडी थांबलीय का?"

तेव्हा तात्यांनी मान वळवली. "थांबली बाळा," ते म्हणाले. "आता कायमची थांबली. बोल."

आणि मनू बोलायला लागली. उन्हाळ्यापासूनचं सगळं साठलेलं होतं. शाळेतल्या बाई, डब्यातली भेंडी, खरचटलेला गुडघा. मी ताटली खिडकीतून आत दिली आणि तिला खिडकीपर्यंत उचलून धरलं, तर तिने गळ्यात हात टाकून गाल त्यांच्या उजव्या गालाला लावला आणि कानात सांगितलं, पण ते मलाही ऐकू आलं, की घरचे आजोबा चांगले आहेत, पण ते आता तोंडाला पांढरं लावतात आणि आजीची छत्री घेऊन फिरतात. तात्या गंभीरपणे म्हणाले, "आसं? मंग सांगितलं पायजे त्याला."

माघारी निघायची वेळ टळून गेली होती. मी मनूला आत तात्यांच्या मांडीवर सोडलं आणि गाडीत चढलो. मागे लोक घड्याळं बघायला लागले होते. नववधूसारखी नटलेली एक बाई कंटाळून म्हणाली, काय चाललंय पुढे? तिच्या शेजारी पारूबाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. मान उंचावून तिने खिडकीतलं कोपर पाहिलं आणि म्हणाली, "बसा गुमान. आपला काळा डायवर हाय त्यो. आज बोलतोय, तर बोलू द्या."

दिवाळीनंतर माझी बदली झाली आणि भोर सुटलं. तात्यांचे फोन येतात, पण पाहिलं ते त्या दुपारी शेवटचं. चालकाशी बोलू नये ह्या पाटीखाली, चालकाच्या सीटवर, मांडीवर बसून एक मुलगी चालकाशी बोलतेय, आणि चालक करंजी खात ऐकतोय. बोलता बोलता मनू दम घ्यायला थांबली तेव्हा तात्यांनी सवयीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. घंटीची दोरी माझ्या हातात होती. मी ती सोडून दिली आणि उगाच तिकिटं तपासायला मागे गेलो.